बादली चौदा इंचांवर

अण्णा,

तेरावा आटोपला, पाहुणे गेले, मांडववाल्याच्या खुर्च्या परत गेल्या. या दिवसांत लोक तुमच्याबद्दल जे बोलले ते सगळं ऐकलं. कारखान्याच्या टूलरूममध्ये तुम्ही किती वर्षं काढली, किती जणांना हाताखाली तयार केलं, निवृत्तीच्या दिवशी कोण रडलं. खरंच असेल ते. मला जे आठवतं ते मात्र चार माणसांत सांगण्यासारखं नाही. सासऱ्याची आंघोळ हा काही सुनेने भरल्या घरात बोलायचा विषय नव्हे. म्हणून लिहून काढते आहे. तुम्हाला वाचून दाखवलं असतं तर तिसऱ्या ओळीला तुम्ही विचारलं असतं, "यात मापं कुठे आहेत?" येतील. जरा थांबा.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि तुम्हाला झटका आला. डावी बाजू गेली. तीन आठवड्यांनी घरी आलात तेव्हा बोलणं जाग्यावर होतं, चेष्टा जाग्यावर होती, उजवा हात पूर्वीसारखाच कणखर होता. डावा हात नुसता बरोबर असायचा. चार पायांची काठी घेऊन, डावा पाय ओढत तुम्ही हॉलमधून बाथरूमच्या दारापर्यंत जायचात. खरा प्रश्न त्या दारापासून पुढे होता.

पहिले काही दिवस नर्सिंग ब्यूरोतून माणूस लावला. पन्नाशीचा होता, कामाला चोख होता. पण आल्या दिवसापासून तुम्हाला बाबा म्हणायला लागला. "बाबा, हात वर. बाबा, वळा. बाबा, खाली बघा." मी बाहेर मशीनवर बसून ब्लाउजला हुक लावत होते, मला सगळं ऐकू यायचं. पाण्याचा आवाज यायचा, त्याचा यायचा, तुमचा अजिबात नाही. आठव्या दिवशी तुम्ही बाहेर आलात, खुर्चीत टेकलात आणि म्हणालात, "मनीषा, त्याला सांग माझं सर्व्हिसिंग झालं. उद्यापासून येऊ नकोस म्हणावं."

मग संजयने मनावर घेतलं. त्याची हिंजवडीची बस सात दहाची, म्हणजे बापलेक सहालाच आत. चार दिवस चाललं ते. चौथ्या दिवशी संजय ओल्या पँटवर स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी डोळे मिटून घालतो त्यांना आंघोळ. साबण कुठे लागतो, कुठे नाही, मला कळतच नाही." हे त्याने तुम्हाला सांगितलं नव्हतं. मीही नाही. आता सांगायला हरकत नाही. अर्थात तुमचे डोळे उघडे असणार, त्यामुळे तुम्हाला आधीच माहीत असेल.

त्याच दुपारी मी भेंडी चिरत होते. तुम्ही समोर येऊन बसलात, काठी टेबलाला टेकवली आणि सांगितलंत, "मला माझी आंघोळ एकट्याला करता आली पाहिजे. कुणी आत यायचं नाही. तेवढं जमव. बाकी कशालाही मी नाही म्हणणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी आंघोळ करणार नाही."

"किती दिवस?"

"बघू कोण आधी कंटाळतं ते."

यातलं 'बाकी कशालाही' हे साफ खोटं निघालं. पुढे तुम्ही प्रत्येक गोष्टीला नाही म्हणालात. पण पहिलं वाक्य तुम्ही ज्या आवाजात बोललात तो आवाज मी सून होऊन आल्यापासून एकदाही ऐकला नव्हता. तुम्ही मला सांगत नव्हता, मागत होता. मी भेंडी चिरत राहिले, कारण वर बघितलं असतं तर दोघांचीही पंचाईत झाली असती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाथरूमचं ड्रॉइंग काढलंत. वरून, समोरून, बाजूने. एका हाताने. पट्टी सरकू नये म्हणून तिच्यावर माझी कात्री ठेवली होतीत, आणि मला दिवसभर दुसऱ्या कात्रीने काम करावं लागलं. सगळं मिलिमीटरमध्ये. भिंत किती, जाळी कुठे, नळ कुठे, खिडकीची फळी किती उंचीवर. मी ड्रॉइंग बघितलं आणि विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी कशाला असेन? हे बाथरूमचं आहे."

"आंघोळ बाथरूम करणार आहे का?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते काही संपलं नाही. तुमचं म्हणणं, आधी जागा मोजायची. जागा बदलत नाही, माणूस आज असा बसतो, उद्या तसा. माझं म्हणणं, माणूस असातसा बसतो म्हणूनच आधी तो मोजायचा. मी बावीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. आरशाचं माप घेऊन कुणाला ब्लाउज बसलेला मी पाहिलेला नाही. तुम्ही म्हणालात, "टेपने मोजणाऱ्यांनी मोजण्याबद्दल बोलू नये. टेप ताणला की वाढतो." मी म्हटलं, "माणूसही वाढतो." हे वाक्य मी सहज बोलून गेले. त्याचा अर्थ पुढच्या आठवड्यात कळला.

भिंतीला धरायचा दांडा बसवायचा होता, उजव्या हाताला, उठताबसताना धरता येईल असा. तुमच्या ड्रॉइंगमध्ये उंची नव्हती, कारण ती तुमच्या अंगावरून घ्यायची होती. मी टेप घेऊन आले. "उभे राहा," म्हटलं, आणि तुम्ही उभे राहिलात. पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे राहावं तसे. मी जमिनीपासून मनगटाच्या वरपर्यंत माप घेतलं, दोनदा घेतलं, लिहिलं आणि रफिकभाईंना दिलं.

रफिकभाईंनी आपल्या बिल्डिंगमधले निम्मे नळ बसवलेत. त्यांनी टाइलला भोकं पाडली, दांडा घट्ट आवळला, स्वतः लटकून दाखवलं. "अण्णा, आता भिंत येईल, दांडा नाही येणार." तुम्ही खूश.

सकाळी दांडा तुमच्या कमरेच्या बराच वर आला. धरायला हात वर करायला लागत होता, आणि वर केलेल्या हाताने जोर कसला लावणार? तुम्ही आतून ओरडलात, "हे मला धरायला केलंय की वाळत घालायला?"

चूक काय झाली ते मला लगेच कळलं, आणि इतकी लाज वाटली की सांगते. अहो, गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की श्वास घेतं, पोट आत ओढतं, खांदे मागे टाकतं. बाई वीस वर्षांची असो नाहीतर सत्तरची. हे मला झोपेतही ठाऊक आहे. प्रत्येकीला मी तेवढी ढील ठेवून देते, त्यावरच माझा धंदा चालतो. पण तुमच्यासमोर ते विसरले. एकतर झटका आल्यापासून तुम्ही इतके ताठ कधी उभेच राहिला नव्हता, टेप बघून राहिलात. वर पायात घरातल्या जाड चपला. आंघोळीला कोण चपला घालून जातं?

"माप चुकलं," मी म्हटलं.

"माप कधी चुकत नसतं. माप घेणारा चुकतो."

"देणाराही चुकतो. एवढं ताठ उभं राहायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

 जेवताना तुम्ही म्हणालात, "टेप समोर आला की माणूस वाकून कसा उभा राहील?" आणि मलाच हसू आलं, तुम्हालाही आलं. संजयला काहीच कळलं नाही, तो आपला आमटी वाढून घेत होता.

दुसऱ्या वेळी मी टेप घेतलाच नाही. तुम्ही अनवाणी, पाठीत वाकलेले, नेहमीसारखे चालत दारापर्यंत आलात तेव्हा मागून सांगितलं, "जरा थांबा, भिंतीला हात लावा." तुम्ही टेकलात तिथे खडूने खूण केली. दांडा पावणेचार इंच खाली आला. रफिकभाई जुनी भोकं बुजवायला निघाले होते. तुम्ही त्यांना थांबवलंत आणि तिथे दोन हुक ठोकून घेतलेत. पंचा आणि बनियन अडकवायला. पाहुण्यांना वाटायचं, किती विचार करून जागा निवडलीय.

खुर्चीचं दुसरंच. भोकाभोकांची, रबरी बुटांची, आंघोळीची म्हणूनच विकतात ती. दुकानात छान उभी होती. आपल्या बाथरूममध्ये डुगडुगायला लागली, कारण जमिनीला जाळीकडे उतार. रफिकभाई म्हणाले, "अण्णा, उतार काढला तर पाणी तुमच्या हॉलमध्ये येईल. उतार पाहिजेच." तुम्ही म्हणालात, "उतार राहू दे. खुर्ची उताराची करू." मग तुम्ही दोन दिवस त्या खुर्चीच्या पायांचे बूट कानशीने घासत बसलात. खुर्चीचा पाय उजव्या गुडघ्याखाली दाबायचा, उजव्या हातात कानस. एक जरा जास्त घासला गेला, तर त्याखाली घालायला माझ्या शिवणाच्या पिशवीतला रबराचा तुकडा मागितलात. ती खुर्ची त्या बाथरूममध्ये, त्या चार फरश्यांवरच सरळ उभी राहते. परवा ती पुसून बाल्कनीत ठेवली तर वाकडी झाली.

आता बादलीचं.

दुकानदाराने खुर्चीबरोबर हातात धरायचा शॉवर दिला होता. म्हणाला, सगळे पेशंट हाच वापरतात. तुम्ही एकदा वापरलात, थरथरत बाहेर आलात. "झाडाला पाणी घालतात तसं आहे हे. आणि तो हातात धरला तर साबण कुठल्या हाताने लावू?" मी म्हटलं, दांड्याला अडकवा. "अडकवला तर तो भिंतीला आंघोळ घालतो." मी म्हटलं, सवय होईल. तुम्ही म्हणालात, "ब्याऐंशी वर्षं मी तांब्याने आंघोळ केलीय. तांब्या खाली ठेवता येतो. अंगावर घेण्याआधी पाण्यात बोट घालून बघता येतं. हे पाणी आधी अंगावर येतं आणि मग कळतं की गरम आहे."

तुमचं बरोबर होतं. तेव्हा मी तसं म्हटलं नाही, कारण त्या आठवड्यात तुम्ही आधीच दोन भांडणं जिंकला होता. आता म्हणते. एका हाताच्या माणसाला तांब्याच सोयीचा. शॉवर दोन हातवाल्यांसाठी आहे.

पण तुम्ही खुर्चीवर आणि बादली जमिनीवर. तांब्या भरायला वाकलात की सगळा भार डावीकडे जायचा, आणि डावीकडे धरायला कुणी नव्हतं. म्हणजे बादली वर घ्यायला हवी. किती वर? या वेळी मी तुम्हाला हॉलमधल्या खुर्चीवर बसवलं, हातात रिकामा तांब्या दिला आणि म्हटलं, "डोळे मिटा आणि पाणी घ्या." तुम्ही म्हणालात, "नाटक कसलं?" पण घेतलंत. पाच वेळा घेतलंत. पाचही वेळा तांब्या त्याच जागी बुडाला. मी तिथे हात धरून ठेवला, संजयने मोजलं. त्यातून बादलीची उंची वजा केली. चौदा इंच. तुम्ही संजयला विचारलंत, "मिलिमीटरमध्ये किती?" त्याने फोनवर काढून सांगितलं. तुम्ही मान हलवलीत, म्हणजे मंजूर.

चौदा इंचांचं स्टूल आलं, बादली वर चढली आणि तिचं तोंड नळाच्या वर गेलं.

आपण तिघं त्या नळाकडे बघत किती वेळ उभे होतो. मापांचे दोन जाणकार आणि एक इंजिनियर. रफिकभाई दारातून म्हणाले, "अण्णा, आता नळाला स्टूल द्या." तो नळ वर घ्यायचा तर टाइल फोडावी लागणार, पाइप उघडावा लागणार. तुम्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलंत, शॉवर हुकावरून काढलात, बादलीत सोडलात आणि रफिकभाईंना म्हणालात, "सोडा पाणी." दोन मिनिटांत बादली भरली. तेव्हापासून तो शॉवर बादली भरायला आहे. दुकानदार परवा भेटला, विचारत होता अण्णा शॉवर वापरायचे का. मी म्हटलं, रोज.

सगळ्यात मोठं भांडण कडीचं झालं. दार आत उघडायचं, ते मी सुताराकडून बाहेर उघडणारं करून घेतलं. माणूस आत दाराला टेकून पडला तर आत जायचं कसं, हे तुम्हाला पटलं. आतली कडी काढायची म्हटल्यावर मात्र तुम्ही दारात काठी आडवी धरलीत.

"कडी नसली की ती आंघोळ नव्हे. मोरीवर बसल्यासारखं आहे."

"मी येणार नाही आत."

"तू येणार नाहीस हे मला माहितेय. दाराला माहीत नाही."

"आणि पडलात तर?"

"पडलो तर हाक मारीन."

"आणि हाक मारता आली नाही तर?"

तुम्ही काठी खाली घेतलीत, पण कडीला हात लावू दिला नाहीत. संध्याकाळी तुम्हीच करार काढलात. कडी जाईल, पण मी दाराशी येऊन 'झालं का, झालं का' करायचं नाही. आंघोळीतल्या माणसाला हाका मारणं तुम्हाला बिलकूल आवडायचं नाही.

"मग तुम्ही आवाज करत राहा. म्हणजे मला कळेल."

"कसला आवाज? मला गाता येत नाही."

"काय येतं?"

तुम्ही विचार केलात. "पाढे."

मला वाटलं चेष्टा करताय. दुसऱ्या दिवशी सव्वासातला पाण्याचा पहिला आवाज आला आणि पाठोपाठ पावकी सुरू झाली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. शाळेत तोंडपाठ केलेले अपूर्णांकांचे सगळे पाढे, ठणठणीत आवाजात, मधेमधे पाण्यामुळे बुडबुडत. पावकीला डोकं, दिडकीला पाठ, अडीचकी संपली की पाय. मला अडीचकी कधीच येत नव्हती. आता येते. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई सकाळी लवकर फॉल द्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "घरात क्लास चालतो का?" मी म्हटलं, "हो, एकच विद्यार्थी आहे, पण हजेरी पूर्ण."

आणि एकदा तुम्ही थांबलात.

थंडीचे दिवस होते. आठ अडीच वीस, आणि पुढे काहीच नाही. पाण्याचा आवाज नाही, तांब्याचा नाही. मी हातातला ब्लाउज खाली ठेवला. मनात दहा आकडे मोजले. उठले. दाराशी गेले आणि हात मुठीवर ठेवला. अण्णा, मी त्या दाराशी जेवढा वेळ उभी राहिले तेवढा वेळ मी कुठेच कधी उभी राहिले नाही. दार उघडलं आणि तुम्ही नुसते अंग पुसत असाल, तर तुम्ही पुन्हा आंघोळ करणार नाही हे मला माहीत होतं. उघडलं नाही आणि तुम्ही पडलेले असाल, तर मग काय. मी मूठ फिरवली नाही. दाराला तोंड लावून विचारलं, "अण्णा, नऊ अडीच?"

आत काही नाही.

"नऊ अडीच किती?"

"साडेबावीस," तुम्ही म्हणालात. "डोळ्यात साबण गेलाय. तुला येत नसेल तर मागे बसून ऐक."

मी मशीनवर येऊन बसले आणि तीन हुक उलटे लावले. तुम्ही बाहेर आलात तेव्हा डोळा लालभडक होता. तुम्ही मशीनकडे बघितलंत, तिथे पडलेल्या ब्लाउजकडे बघितलंत आणि म्हणालात, "हुक उलटे आहेत." बस. दोघांनीही पुढे काही काढलं नाही.

त्या रविवारी मी टॉवेलच्या कापडाची लांब पट्टी शिवली, दोन्ही टोकांना वाटोळा फास. एक फास डाव्या मनगटात अडकवायचा, दुसरा उजव्या हातात, आणि पाठीवर ओढायची. तुमचा डावा हात त्या दिवसापासून पुन्हा कामाला लागला, निदान पट्टी धरून ठेवायला. तुम्ही पट्टी उलटसुलट करून शिलाई तपासलीत आणि म्हणालात, "दुहेरी टीप आहे. टिकेल." तुमच्याकडून यापेक्षा जास्त मिळत नाही, हे मला पहिल्या दिवाळीलाच कळलं होतं.

नऊ महिने तुम्ही एकट्याने आंघोळ केलीत. एकाही दिवशी कुणी आत गेलं नाही. मी नाही, संजय नाही. शेवटच्या महिन्यात तुमची परत कुरकुर सुरू झाली होती, कडी लावून द्या, आता मी पडत नाही. मी नाही म्हणत राहिले. पुढच्या आठवड्यात कदाचित हो म्हटलं असतं. कदाचित नसतं. तुम्ही असता तर आज सकाळीही त्यावरून वाजलं असतं, आणि मला ते चाललं असतं.

तुम्हाला कधी सांगितलं नाही ते एकच. त्या अर्ध्या तासात मी आपणहून एकही गिऱ्हाईक बोलावत नसे. फोन उचलत नसे. तुम्हाला वाटायचं मी शिवत बसलेय. मी पाढे ऐकत बसायचे. सकाळचा सगळ्यात निवांत वेळ तो होता माझा. मला लोकांचं बोलणं ऐकायला फार आवडत नाही, तुम्हाला माहितेय. तुमचे आकडे आवडायचे. त्यात उत्तर द्यावं लागत नसे.

त्या मंगळवारी तुम्ही अडीचकी पुरी केलीत, बाहेर आलात, पंचाने डोकं पुसलंत, भांग पाडलात आणि खिडकीपाशी बसून चहा मागितलात. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही गेला होता. इतकंच. डॉक्टर म्हणाले, काही कळलं नसेल. मला बरं वाटलं, पण तुम्हाला काही कळलं नाही यावर माझा विश्वास नाही. तुम्हाला सगळं कळायचं.

साडेनऊपर्यंत घर भरलं. तुमचे धाकटे भाऊ भाऊकाका मुंढव्याहून आले, आल्या आल्या कामाला लागले. ते आणि बिल्डिंगमधले तीन पुरुष. "पाणी तापवा. खुर्ची बाहेर आणा. आंघोळ घालून घेऊ, मग नवे कपडे." सगळे नीट, जुन्या पद्धतीने करणारे लोक. चौघं तुम्हाला धरायला पुढे झाले. संजय भिंतीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी बायकांतून उठून पुढे गेले. "आंघोळ झालीय त्यांची."

भाऊकाका थांबले. "अगं, ती नव्हे. ही शेवटची."

"तीच शेवटची होती. सव्वासातला केलीय. स्वतः केलीय, एकट्याने."

"मनीषा, रीत असते."

"मग पायांवर एक तांब्या घाला. संजय घालेल. बाकी कुणी हात लावायचा नाही."

कुणीतरी मागे पुटपुटलं की सुनेने असं बोलू नये. मी मागे बघितलं नाही.  भाऊकाका तुमच्यासारखेच, पुराव्याशिवाय काही मानत नाहीत.

"डोक्यावरून केली होती?"

"डोक्यावरून. हवा दमट आहे, केस वाळले नसतील. बघा हात लावून."

ते तुमच्याजवळ गेले. वाकले. कानामागे बोटं घातली आणि थोडा वेळ तिथेच ठेवली. मग आपली बोटं आपल्याच धोतराला पुसत ते सरळ झाले आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "झालीय आंघोळ. कपडे आणा."